गुत्त्याची मागची भिंत

लग्न होऊन परळला आले तेव्हापासून मी त्याला गुत्ता म्हणतेय. माझे सासरे त्याच्याही आधीपासून गुत्ताच म्हणतात. आणि आता कोण कुठला तो हर्षवर्धन येतो, दारावर पितळी पाटी ठोकतो ‘ओल्ड परळ टॅव्हर्न’, आणि पेपरवाले लिहितात, परळची हेरिटेज वास्तू वाचली. वाचू दे. पाटीने माझं काही घोडं अडत नव्हतं. माझं भांडण मागच्या भिंतीशी आहे.

मी कांता. सरकारी हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होते, आता रिटायर. लोक म्हणतात माझा आवाज चढा आहे. असेल. जन्मभर खराब लाइनवर बोलून बोलून तुमचाही चढला असता. घरात आम्ही तिघं: मी, माझा मुलगा अमित आणि माझे सासरे, भिवा तात्या. तात्या नव्वदीला टेकलेत, पण कान शाबूत, दात शाबूत, आणि बोलायला लागले तर समोरच्याची खैर नाही. नवरा गेल्यावर माहेरचे म्हणाले, चल परत. मी गेले नाही, तात्यांनी जाऊ दिलं नाही. सासरा-सुनेचं भांडण आणि बाप-लेकीचं भांडण, आमच्यात दोन्ही होतात.

तर गुत्ता. बघण्यासारखी इमारत आहे, ते मी नाकारत नाही. परळ हे खरोखरचं गाव होतं, माडांच्या वाड्या, विहीर, बैलगाडीची वाट, तेव्हाची ती. गिरण्यांच्या चिमण्या नंतर आल्या. काळ्या दगडाचं उंच जोतं. चुन्यात बांधलेल्या हातभर जाड भिंती, वर सागाचे वासे आणि कौलं. पुढे रुंद ओटी, तिला पायऱ्या. दाराला कवाडं नाहीत, खाचेत सरकवायच्या फळ्या आहेत, सकाळी एकेक काढायची, रात्री एकेक लावायची. आतली फरशी मध्याकडे उतरती ठेवलीय, सांडलेली माडी आपसूक वाहून जावी म्हणून. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले रांजण, त्यात माडी वैशाखातसुद्धा गार राहायची. भिंतीत कोनाड्यांची ओळ, रोजच्या गिऱ्हाइकांचे पेले ठेवायला. बांधणाऱ्याने डोकं लावलंय. एकही दगड उगाच बसवलेला नाही, आणि माझं म्हणणं तेच आहे.

मागच्या भिंतीत, आत उभं राहिलं तर कमरेच्या उंचीवर, एक चौकोनी भोक आहे. त्यातून दगडी पन्हळ गल्लीत बाहेर आलीय. जोतं उंच, गल्ली खोल. त्यामुळे आत जे कमरेला येतं ते बाहेर माणसाच्या डोक्याच्या जरा वर येतं. पन्हळीच्या बरोबर खाली एक रुंद, बसका दगड आहे, वर घासून घासून गुळगुळीत झालेला.

ती पन्हळ आमची. महारांची. गिरणी सुटली की घसा सगळ्यांचाच कोरडा असायचा, पण ओटी चढायची मुभा सगळ्यांना नव्हती. आमच्या माणसांनी वळसा घालून गल्लीत जायचं, त्या दगडावर उकिडवं बसायचं, ओंजळ नाहीतर स्वतःची करवंटी पन्हळीखाली धरायची आणि आतल्या माणसाने आतून ओतायचं. भांड्याला भांडं लागायला नको, हाताला हात लागायला नको. पैसे चालायचे. नाण्यावर पाणी शिंपडलं की नाणं शुद्ध. तात्यांचे वडील गिरणीत रिंग खात्यात होते. त्यांनी काढलेलं सूत अख्ख्या मुंबईच्या अंगाला चालत होतं, त्याच्यावर कोणी पाणी शिंपडत नव्हतं.

पुढे सरकारने दारूबंदी आणली, गुत्ता बंद झाला आणि पन्हळ विटांनी बुजवली. बंदी आली म्हणून बुजवली, कोणाला लाज वाटली म्हणून नाही, एवढं लक्षात ठेवा. मग तिथे धान्याचं गोदाम झालं, मग भंगारवाला आला, मग परत माडीचं दुकान. तोवर विटांवर रंगाचे इतके थर चढले होते की चाळीतल्या नव्या पोरांना तिथे काही होतं हेच माहीत नव्हतं. माझ्या पोरालाही नव्हतं. तात्या त्या गल्लीतून जाताना भिंतीकडे बघायचे नाहीत आणि त्या विषयावर घरात बोलायचे नाहीत. मला त्यांनी एकदाच सांगितलं होतं, नवरा गेला त्या वर्षी, की लहानपणी वडिलांबरोबर तेही त्या दगडावर बसलेत.

मग हर्षवर्धनने जागा घेतली. उन्मेष नावाचा आर्किटेक्ट आणला, दादरचा, चांगल्या घरचा, हळू बोलणारा मुलगा. त्याने सिमेंट खरवडून चुना लावला, पत्रे काढून कौलं घातली. आणि त्याच सुमारास आमच्या अमितला तिथे नोकरी लागली. अमितने हॉटेल मॅनेजमेंट केलंय. जहाजावर होता, ती कंपनी बसली, पोरगा घरी आला आणि दीड वर्ष घरीच. सकाळी आंघोळ करून, केस विंचरून, खिडकीशी फोन घेऊन बसायचा. आईने ते बघणं म्हणजे काय असतं ते आईलाच विचारा. त्यामुळे बार मॅनेजर म्हणून लागला तेव्हा मी चाळभर पेढे वाटले. तात्यांनी पहिल्या दिवशी तो निघाला तेव्हा एवढंच विचारलं, पुढच्या दाराने जातोस ना? अमित हसला. मी नाही हसले.

उन्मेषने मागच्या भिंतीचा रंग काढला तेव्हा विटा दिसल्या, विटा काढल्या तेव्हा पन्हळ निघाली. त्या दोघांना असा आनंद झाला जसा काही गुप्तधनाचा हंडा सापडला. उन्मेषने डोकं खाजवून ठरवलं की ही गाडीवानांची सोय असणार, बैलगाडीवाल्यांना आत यायला वेळ नसायचा, म्हणून बाहेरच्या बाहेर माडी. हर्षवर्धनने ते इंटरनेटवर टाकलं, ‘मुंबईचा पहिला ड्राइव्ह-थ्रू’. आणि उद्घाटनाचा प्लॅन काय? पाहुण्यांनी गल्लीत त्या दगडावर बसायचं, हातात करवंटी धरायची आणि आतून बार मॅनेजरने पन्हळीतून कॉकटेल ओतायचं. फोटो काढायचे. ‘पन्हळ एक्स्पीरियन्स’. बार मॅनेजर म्हणजे माझा अमित.

हे त्याने मला जेवताना फोनवर दाखवलं, खुशीत. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. ताट बाजूला सारलं आणि त्याला सगळं सांगितलं, ओंजळ, करवंटी, नाणी, त्याचा पणजा, सगळं. तात्या आतल्या खोलीत पडले होते, ऐकत होते की नव्हते कोण जाणे. अमितचा घास हातात राहिला. मग म्हणाला,

“आई, उलटं बघ ना. आता वर मी आहे. खाली ते बसणार आहेत.”

माझा राग आणखी चढला. मी एवढंच म्हटलं की नोकरी राहो नाहीतर जावो, माझ्या पोराच्या हाताने त्या पन्हळीतून एक थेंब पडायचा नाही. तो म्हणाला, परत खिडकीशी बसू का? मी उठून ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी मी चांगली साडी नेसून गुत्त्यावर गेले. अमितने हात जोडले होते, आई नको. मी गेलेच. माझी अक्कल बघा, मला वाटलं होतं की सांगितलं की लाज वाटेल. आपल्या लोकांना आयुष्यभर हाच भ्रम असतो. समोरच्याला माहीत नाही म्हणून तो असा वागतो, माहीत झालं की मान खाली घालेल.

उन्मेषने घातली मान खाली, खोटं कशाला बोलू. पोरगा पांढराफटक पडला. गाडीवानांचं मी अंदाजाने लिहिलं म्हणाला, मी कोणाला तरी विचारायला हवं होतं, ही पन्हळ बंद ठेवू या. पण हर्षवर्धन. त्याचे डोळे लकाकले हो. खुर्ची पुढे ओढून ऐकत होता. मी बोलायची थांबले तेव्हा हात जोडून म्हणाला,

“काकू, हे सोनं आहे. ड्राइव्ह-थ्रू काहीच नाही याच्यापुढे. लोकांना अशीच खरी स्टोरी हवी असते.”

मग विचारलं, सासरे आहेत का? चालते-फिरते आहेत का? मग त्यांनाच आणा उद्घाटनाला. पहिली करवंटी त्यांना. त्याच दगडावर बसवू, तीच पन्हळ, पण आता मानाने. मी त्याला जे बोलायचं ते बोलले. लाज, बाप, आजा, काही बाकी ठेवलं नाही. तो प्रत्येक वाक्याला मान हलवत होता, समजतंय काकू, अगदी समजतंय. पालथ्या घड्यावर पाणी. निघताना तो उन्मेषला सांगत होता की पाटीवरचा मजकूर बदलायचा.

घरी येऊन मी तणतणत तात्यांना सांगितलं. वाटलं होतं, दोन शिव्या घालतील, मला बरं वाटेल. तात्यांनी ऐकून घेतलं, पाणी मागितलं, प्यायले आणि म्हणाले, येतो म्हणून सांग त्याला.

मग आमचं जे भांडण झालं ते चाळीने ऐकलं. मी म्हटलं, या वयात तुम्हाला फोटोची हौस आलीय का. त्यांच्या दारात जाऊन बसणार, तेही त्याच दगडावर? बाबासाहेबांनी आपल्याला उठायला शिकवलं ते विसरलात का? तात्या म्हणाले, मला शिकवू नको, मी त्यांना डोळ्याने बघितलंय, तू फोटोत. आणि पांढरा सदरा इस्त्री करून ठेवायला सांगितला. मी केली इस्त्री. रागारागाने केली, पण कॉलर नीट केली.

शनिवारी संध्याकाळी गेलो. ओटीवर झेंडूच्या माळा, पायरीवर दिवे. माणसं सगळी अशी की ज्यांनी परळ फक्त फ्लायओव्हरवरून बघितलंय. पाटी नवी होती, मराठीत आणि इंग्रजीत: एके काळी इथे काही बांधवांना बाहेर बसावं लागे, आज आपण सगळे एकत्र तो अनुभव घेऊ या. काही बांधव. जात लिहायला हात थरथरला असेल. आणि खाली कॉकटेलची नावं, त्यात एकाचं नाव ‘समता’. वाचून माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की ती पाटी उपटावी. तात्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. आधारासाठी धरलंय असं बघणाऱ्याला वाटलं असेल.

आम्हाला पुढून आत नेलंच नाही. हर्षवर्धन लगबगीने आला, तात्यांच्या पाया पडला आणि गल्लीतून मागे घेऊन गेला. तिथे कॅमेरे, लाइट, पन्नासेक पाहुणे अर्धगोल करून. दगडावर झेंडूच्या पाकळ्या टाकल्या होत्या. पलीकडे भिंतीआड अमित तांब्याचा जग घेऊन उभा होता, ते मला ठाऊक होतं. उन्मेष एका कोपऱ्यात होता, नजर चुकवत. हर्षवर्धनने दोन शब्द बोलून घेतले, मग तात्यांच्या हातात पॉलिश केलेली करवंटी दिली आणि दगडाकडे हात केला. बसा आजोबा.

तात्यांनी करवंटी उलटीसुलटी करून बघितली आणि परत त्याच्याच हातात दिली.

“तू बस,” ते म्हणाले. “मी आत जातो.”

हर्षवर्धनला क्षणभर कळेना. मग तो मोठ्याने हसला, पाहुण्यांकडे बघून म्हणाला, वा, आजोबांची आयडिया माझ्यापेक्षा भारी आहे. आणि सरळ बसला दगडावर. कडक इस्त्रीचा खादीचा कुर्ता, उकिडवं बसायची सवय नाही, एक हात जमिनीला टेकून बसला.

मी तात्यांना घेऊन वळसा घालून पुढे आले. पायऱ्या चढायला त्यांना वेळ लागला. ओटीवर थांबले, दम खाल्ला, मग उंबरा ओलांडला. नव्वद वर्षं या इमारतीच्या सावलीत काढली, पण आत पहिल्यांदा येत होते. त्यांनी रांजण बघितले, कोनाडे बघितले, छताकडे बघितलं. कशाला हात लावला नाही. मागच्या भिंतीशी अमित उभा होता, तोंड उतरलेलं. तात्यांनी हात पुढे केला, त्याने जग दिला.

तात्या वाकून भोकातून बघू लागले. मीही त्यांच्या खांद्यावरून बघितलं. भिंत हातभर जाड, भोक लहान आणि खाली उतरतं. हर्षवर्धनचं डोकं दिसत नव्हतं, खांदे दिसत नव्हते. पन्हळीच्या टोकाशी फक्त दोन हात दिसत होते, करवंटी धरलेले.

“इथून माणूस दिसतच नाही,” तात्या म्हणाले. “मला वाटायचं, आमच्याकडे बघून ओततो.”

मग ते ओरडले. तो आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलेला नव्हता. कोणातरी दुसऱ्याचा होता, लहानपणी कानात राहिलेला.

“ए. हात खाली घे. पन्हळीला लावू नको. आणखी खाली. तोंड तिकडे कर. तिकडे कर म्हणतो ना.”

बाहेर शांत झालं. हात खाली गेले. तात्यांनी जग तिरका केला आणि ओतत राहिले. करवंटी भरली, सांडली, हात भिजले, बाह्या भिजल्या, तरी ओतत राहिले, जग रिकामा होईपर्यंत. मला वाटलं, आता कळेल. आता कोणीतरी काहीतरी बोलेल, निदान गप्प राहतील.

टाळ्या पडल्या. शिट्ट्यासुद्धा. कोणीतरी म्हणालं, अमेझिंग, अंगावर काटा आला. एक बाई विचारत होती की आमचा नंबर कधी. हर्षवर्धन हसत उठल्याचं आवाजावरून समजलं. सुपर्ब, आजोबा सुपर्ब, आणि मग नेक्स्ट म्हणाला, रांग लावा. अमित, कंटिन्यू कर.

तात्यांनी जग फरशीवर ठेवला. मी त्यांचे हात हातात घेतले. “कळलं नाही ग त्यांना,” ते म्हणाले. मी म्हटलं, नाही कळलं. दुसरं काय म्हणणार होते.

भोकात दोन नवीन हात आले. नेलपॉलिश लावलेले, अंगठ्या, करवंटी पुढे धरलेली. अमितने खाली वाकून जग उचलला. मी त्याच्याकडे बघत होते आणि तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याने जग भरला. भोकापाशी गेला. मी डोळे मिटून घेतले.

“मॅडम, उठा,” तो म्हणाला. “आत या. इथे ग्लासात देतो.”

ती हसली, काहीतरी म्हणाली. तो परत म्हणाला, उठा, कपडे खराब होतील, आत या. हात गेले, दुसरे आले, पुरुषाचे, मोठ्या घड्याळाचे. सर, उठा. आत या. आवाज चढवला नाही, हॉटेलात बोलतात तसंच बोलत होता. तिसरे हात आले. उठा. मग त्याने जग त्या भोकातच ठेवला, घट्ट बसेल असा, आणि ग्लास पुसायला घेतले.

हर्षवर्धन धावत आत आला, अंगाला कॉकटेलचा वास, चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून. दातांमधून पुटपुटला, काय चाललंय. अमित म्हणाला, सर, सर्व्ह करतोय. खाली बसलेल्याला करणार नाही. हर्षवर्धन म्हणाला, मग सोमवारपासून येऊ नकोस. अमितने बरं म्हटलं आणि पहिल्या आलेल्या बाईपुढे ग्लास ठेवला. पाहुणे एकेक करून ओटी चढून येत होते, गुडघे झटकत, थोडे नाराज, सिनेमा मध्येच बंद पडल्यासारखे.

मी तात्यांना ओटीवर आणून खुर्चीत बसवलं. ते म्हणाले, चांगलं केलं पोराने, तुझ्या-माझ्यासारखं वागला नाही. समाधानाने म्हणाले. मी हो म्हटलं, पण माझं समाधान झालेलं नव्हतं. अभिमान होता, छाती भरून आली होती, ते सगळं होतं. पण अमितचा रागही आला होता मला आणि अजून गेलेला नाही. त्याने फार लवकर उठवलं त्यांना. मला ते सगळे तिथे हवे होते, एकामागून एक, उकिडवे, हात पुढे करून, मांड्या भरून येईपर्यंत. आमच्या माणसांना त्या दगडावरून कोणी कधी उठ म्हटलं नव्हतं.